डस्ट माइटची अ‍ॅलर्जी: प्युरिफायर रात्रभर चालू, तरी सकाळी शिंका. नेमकं काय चुकतंय?

रानवारा

स्किन प्रिक टेस्टमध्ये (त्वचेला टोचून करतात त्या चाचणीत) डस्ट माइट, म्हणजे घरातल्या धुळीतले सूक्ष्म जीव, ठळक पॉझिटिव्ह आले आहेत आणि मांजर किंचित. परागकण, बुरशी, झुरळ निगेटिव्ह. रात्री आडवं झालं की एक नाकपुडी बंद होते, तोंडाने श्वास सुरू होतो, दोन-तीनदा झोप मोडते. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते आणि डोळे खाजतात. दुपारपर्यंत सगळं शांत.

खोली साडेतीन बाय तीन मीटर, छताची उंची तीन मीटर. जमिनीवर गालिचा, खिडकीला जाड कापडी पडदे. गादी फोमची, ८ इंच जाड, दोघांसाठी. उशा चार, रजई एक. घरात मांजर आहे, झोपायच्या खोलीत मात्र तिला येऊ देत नाही. चादर दर आठवड्याला गार पाण्यात धुतली जाते. हेपा फिल्टरचा, हवेतले बारीक कण गाळणारा प्युरिफायर रात्रभर चालू असतो, तरी फरक शून्य.

प्रश्न तीन आहेत. प्युरिफायरचा उपयोग का होत नाही? हाती थोडेच पैसे आणि वेळ असेल तर आधी काय करावं? आणि धुण्यासाठी खरंच ६० अंशांचं पाणी लागतं का? मशीनला हीटर नाही.

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो समजला की बाकीच्या दोन्हींची दिशा आपोआप ठरते.

माइट हा साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचा आठ पायांचा जीव. तो चावत नाही, आपल्या कातडीचे गळून पडलेले कण खातो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. त्या गोळ्यांमध्ये पचनासाठीची प्रथिनं असतात आणि डर पी १ हे त्यातलं सर्वांत अभ्यासलेलं, त्रास सुरू करणारं प्रथिन, म्हणजेच अ‍ॅलर्जन. एक गोळी साधारण १० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. हवेच्या मानाने हा आकार मोठा आहे. चादर झटकली, कूस बदलली की गोळ्या उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. शांत खोलीच्या हवेत माइटचं अ‍ॅलर्जन जवळजवळ सापडतच नाही.

आता झोपलेल्या माणसाचा विचार करा. नाक उशीपासून काही सेंटीमीटरवर असतं. प्रत्येक वेळी डोकं हललं की उशीतून उडालेला कण थेट नाकात जातो. कोपऱ्यातल्या प्युरिफायरपर्यंत तो पोचतच नाही. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. जे हवेत नाही ते गाळायला आपण त्याला सांगतो आहोत.

मांजराचं गणित उलटं. तिचं फेल डी १ हे अ‍ॅलर्जन लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होतं, आणि त्यातला बराच भाग ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर बसलेला असतो. हे कण तासन्‌तास तरंगतात. तिथे हेपा खरोखर कामाचा आहे, म्हणून यंत्र विकू नका. फक्त क्षमता तपासा. तुमच्या खोलीचं आकारमान ३१.५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी असेल तर सुमारे १६० घनमीटर प्रतितास इतका सीएडीआर, म्हणजे तासाला गाळून मिळणाऱ्या स्वच्छ हवेचा आकडा, लागतो. खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून ‘स्लीप’वर ठेवलं की तो बराच खाली येतो. त्यामुळे दुप्पट क्षमतेचं यंत्र मधल्या वेगावर चालवणं परवडतं. वाऱ्याचा झोत पलंगाकडे ठेवू नका. ओझोन किंवा आयन सोडणारी सोय असेल तर ती बंदच ठेवा, ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो.

गवाक्ष

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी उशा, मग गादी, मग रजई, मग गालिचा. पडदे आणि भिंती शेवटी. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर चारही उशांना माइटरोधक खोळी घाला. हो, चारही. पलीकडे झोपणाऱ्याला अ‍ॅलर्जी नसली तरी त्याच्या उशीतला माल तुमच्याच नाकात येतो. त्याच खोलीत दुसरा पलंग असेल तर तोही यात धरा.

खोळ घेताना लोक हमखास फसतात ते इथे. ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा वरून चढवायचं, इलॅस्टिकचं, पाणी अडवणारं कापड असतं. बाजू आणि तळ उघडे. त्याचा इथे उपयोग नाही. खोळ सहाही बाजूंनी बंद आणि चेनची हवी. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, आणि मांजराचंही अडवायचं असेल तर ६ किंवा त्याहून कमी. नुसतं ‘अँटी-अ‍ॅलर्जिक’ लिहिलं असेल आणि छिद्रांचा आकडा कुठेच नसेल तर ती घेऊ नका. घट्ट विणीची कापडी खोळ घ्या. प्लॅस्टिकची स्वस्त पडते, पण कुरकुरते, घाम येतो आणि पंधरा दिवसांत काढून फेकली जाते.

माप गादीच्या जाडीसकट घ्या. ८ इंची गादीला ६ इंची खोळ ओढून बसवली की कोपऱ्याची शिवण उसवते आणि तिथून सगळं बाहेर येतं. चेन जिथे संपते तिथे बारीक फट राहते, तिच्यावर कापडी चिकटपट्टी लावा. चेनची बाजू पायांकडे ठेवा.

खोळ घालण्याआधी गादी दोन्ही बाजूंनी आणि शिवणींवरून व्हॅक्यूमने सावकाश ओढून घ्या. जिवंत माइट फारसे निघणार नाहीत, ते पायांच्या चोषकांनी धाग्याला धरून बसतात, पण वरची विष्ठा आणि कातडीची धूळ कमी होते. मग गादी पूर्ण कोरडी आहे याची खात्री करा. ओलसर गादी खोळीत बंद केली तर आत बुरशी धरते, आणि मग एका अ‍ॅलर्जीच्या जागी दोन होतात.

खोळीवर नेहमीची चादर आणि अभ्रे. ते दर आठवड्याला धुवायचे. खोळ मात्र दर आठवड्याला धुवू नका, वीण सैल पडते. चादर बदलताना खोळीवरून ओलं फडकं फिरवा आणि दोन-तीन महिन्यांनी लेबलवर लिहिलंय तशी धुवा. कुठे फाटली तर तिची खोळ म्हणून किंमत संपली.

रजईचं काय? तिच्यासाठीही खोळ मिळते, किंवा जाड रजई सोडून दोन-तीन पातळ, धुता येणारी ब्लँकेट वापरा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण जी वस्तू सहज धुता येते तीच खरोखर धुतली जाते.

गालिचा शक्य असेल तर काढाच. खाली नुसती फरशी किंवा लाकूड असेल तर ओल्या फडक्याने आठवड्यातून दोनदा पुसलं की काम झालं. कोरडा झाडू नको, तो बसलेलं उडवतो. गालिचा काढता येत नसेल आणि तो पातळ असेल, तर कडक उन्हाच्या कोरड्या दिवशी बाहेर, कोरड्या फरशीवर उलटा पसरून चार-पाच तास ठेवा. उष्णता आणि कोरडेपणा मिळून माइट मरतात. नंतर बाहेरच झटका, कारण मेलेल्या माइटची विष्ठा तशीच राहते आणि ती महिनोन्‌महिने टिकते. हीच युक्ती ८ इंची फोमला चालत नाही. ऊब आतपर्यंत पोचत नाही, माइट आत सरकतात.

साफसफाई सकाळी करा, झोपायच्या आधी कधीच नाही. व्हॅक्यूमला हेपा नसेल तर तो मागून बारीक धूळ खोलीत फेकतो. शक्यतो ज्याला त्रास आहे त्याने हे काम करू नये. करावंच लागलं तर एन-९५ मास्क लावून, आणि नंतर अर्धा तास खोलीबाहेर थांबून. प्युरिफायर पूर्ण वेगावर चालवायची हीच खरी वेळ, कारण याच वेळी माइटचं अ‍ॅलर्जन हवेत असतं.

पानगळ

गवाक्ष यांनी सांगितलेलं सगळं योग्य आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नुसत्या खोळी घालून लक्षणं जातील ही अपेक्षा ठेवू नका.

२००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. एकीत दम्याचे ११००हून अधिक प्रौढ होते, दुसरीत अ‍ॅलर्जीच्या सर्दीचे २७९ रुग्ण. दोन्हींत निम्म्यांना खरी माइटरोधक खोळ, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. खऱ्या खोळींमुळे लक्षणांत जास्त फायदा दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत तर गादीतलं अ‍ॅलर्जन स्पष्ट घटलं होतं, तरी त्रास तेवढाच. उलट २००४ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या शहरी, दमा असलेल्या मुलांची चाचणी आली. तिथे प्रत्येक मुलाच्या अ‍ॅलर्जीनुसार खोळी, हेपा व्हॅक्यूम, हेपा प्युरिफायर, झुरळांचा बंदोबस्त असं सगळं एकत्र केलं आणि लक्षणांचे दिवस खरोखर कमी झाले.

यावरून मी जो अर्थ काढतो तो असा: एकच उपाय अर्धवट केला तर संपर्क पुरेसा घटत नाही. खोळ घातली पण गालिचा, रजई आणि दमट हवा तशीच, तर माइटना राहायला भरपूर जागा उरते. म्हणून खोळी घाला, पण तिथे थांबू नका.

या धाग्यात अजून कोणी हात घातला नाही तो मुद्दा म्हणजे हवेतला दमटपणा. माइट पाणी पीत नाहीत. शरीरावरच्या ग्रंथींमधून ते हवेतली वाफ शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्या वाफेच्या तुलनेत असलेली वाफ) सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते हळूहळू सुकून मरतात. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. दिवसातले थोडे तास दमट मिळाले तरी ते तग धरतात, फक्त वाढ मंदावते. आणि गादीत ते तास आपणच देतो, रात्रभराच्या घामाने आणि ओलाव्याने. म्हणून उठल्यावर लगेच पांघरूण घडी करून गादी झाकू नका. तासभर उघडी ठेवा, मग आवरा.

लक्ष्य ४५ ते ५० टक्के. ४० च्या खाली जायची गरज नाही, नाक आणि घसा कोरडे पडतात. खिडकी उघडावी की नाही याचा नियम एकच नाही. बाहेर गारठा असेल तर बाहेरची हवा आत येऊन तापली की खोली कोरडी होते. बाहेर उबदार आणि दमट असेल तर उघड्या खिडकीतून पाणीच आत येतं, तेव्हा खिडकी बंद करून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र. बाहेर आठवडेच्या आठवडे दमट असताना यंत्राशिवाय ५० टक्के गाठणं जवळपास अशक्य असतं. तेव्हा त्यामागे न लागता खोळी आणि धुण्यावर जोर द्या.

ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-सात सेंटीमीटर पुढे ओढा. मागे हवा खेळली नाही की ओल धरते.

रानवारा

खूप नेमकी माहिती मिळाली. आणखी विचारतो: हीटरशिवाय ६० अंश कसं साधायचं? खोलीत एसी आहे, तो दमटपणा कमी करतो ना? साध्या आर्द्रतामापकावर किती भरवसा ठेवावा? मुलाची मऊ खेळणीही पलंगावर असतात. आणि गादी सहा वर्षं जुनी आहे, ती बदलूनच टाकू का?

गवाक्ष

धुणं आणि खेळण्यांबद्दल सांगतो.

गार पाण्यात धुतल्याने बरंच अ‍ॅलर्जन निघतं, कारण ते पाण्यात विरघळतं. माइट मात्र बहुतेक जिवंत राहतात आणि पुन्हा कामाला लागतात. मारायला ५५ अंशांच्या वर जावं लागतं, ६० हा सुरक्षित आकडा.

हीटर नसेल तर झाकणाच्या मोठ्या बादलीत आधी एक भाग गार पाणी घाला, मग दोन भाग उकळतं. गार पाणी २५ अंशांचं असेल तर मिश्रण ७५ च्या आसपास जातं. बादली आणि कापड थोडी उष्णता खातात, तरी साठाच्या वर राहतं. निम्मं-निम्मं घातलंत तर सुरुवातच ६२ वर होते आणि कापड टाकताच खाली घसरते. इथेच बहुतेकांचं बिघडतं. कोरडी चादर काठीने पूर्ण दाबून बुडवा, झाकण लावा, वीस-तीस मिनिटं ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर शेवटी एकदा पाहा. नंतर मशीनमध्ये साबण घालून गार पाण्यात नेहमीसारखं धुवा, म्हणजे मेलेले माइट आणि विष्ठा वाहून जाईल. रक्ताचे किंवा दुधाचे डाग आधी गार पाण्यात काढा, गरम पाण्यात ते पक्के बसतात. मुलं आसपास असतील तर ही बादली जमिनीवर उघडी ठेवू नका.

हीटरचं मशीन असणाऱ्यांसाठी: ‘क्विक’ सायकलमध्ये ६० लिहिलेलं असलं तरी पाणी तिथे फार वेळ टिकत नाही. लांबची सुती सायकल लावा आणि ड्रम गच्च भरू नका.

लोकर, रेशीम आणि मऊ खेळणी गरम पाणी सोसत नाहीत. ती बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. चोवीस तासांत माइट मरतात, पण जाड खेळण्याचा गाभा गार व्हायलाच वेळ लागतो, म्हणून ४८ धरा. मग गार पाण्यात धुवा. हा शेवटचा टप्पा गाळला तर सगळी मेहनत फुकट, कारण गोठवल्याने अ‍ॅलर्जन नष्ट होत नाही. पलंगावर एकच खेळणं ठेवा, बाकी कपाटात.

पानगळ

एसीचं उत्तर ‘हो, पण’ असं आहे. कंप्रेसर चालू असताना गार कॉइलवर वाफेचं पाणी होऊन बाहेर जातं. खोली ठरलेल्या तापमानाला आली की कंप्रेसर थांबतो, पंखा मात्र त्याच ओल्या कॉइलवरून वारा घालत राहतो आणि थोडं पाणी परत खोलीत येतं. शिवाय हवा गार झाली की तेवढ्याच वाफेची सापेक्ष आर्द्रता जास्त दिसते. त्यामुळे एसी असूनही मापक ६० दाखवू शकतो. खोलीच्या मानाने मोठा एसी असेल तर हे जास्त होतं, कारण तो पटकन गार करून थांबतो. ‘ड्राय’ मोड वापरून पाहा, पंखा ‘ऑटो’वर ठेवा. जाळी दर दोन आठवड्यांनी धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. वास येत असेल तर खालचा ट्रे आणि पाण्याची नळी तुंबलीय का ते बघून घ्या.

मापकाची परीक्षा घरीच होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी साचू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवून आठ-दहा तास एकाच तापमानाला राहू द्या. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवा. खोलीत तो गादीच्या उंचीवर ठेवा, एसीच्या झोतापासून आणि खिडकीपासून दूर.

तिसरी घंटा

खोलीबद्दल पुरेसं झालं, नाकाबद्दल थोडं. खोली सुधारायला एक-दोन महिने लागतात, तोवर झोप मोडत राहायची गरज नाही.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे दिला असेल तर तो रोज घ्यायचा असतो. त्रास झाला की तेवढ्यापुरता मारणं चुकीचं. पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे लागतात. मान किंचित पुढे झुकवा, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरा आणि नळीचं तोंड बाहेर, कानाच्या दिशेने ठेवा. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. मग जोरात ओढू नका, औषध घशात जातं.

मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. थेट नळाचं कधीही नको, क्वचित का होईना, त्यातल्या अमीबामुळे जीवघेणा संसर्ग होतो. २४० मिलिलिटरला सुमारे अर्धा चहाचा चमचा बिनआयोडीनचं मीठ. आधी नाक धुवा, दहा मिनिटांनी स्प्रे.

नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. नंतर तेच नाक बंद करतात.

घोरताना श्वास थांबत असेल, दिवसा झापड येत असेल किंवा रात्री छातीत शिट्टी वाजत असेल तर आधी तपासणी करून घ्या, ते नुसत्या माइटचं काम नसेल. आणि सगळं नीट करूनही त्रास राहिला तर माइटसाठी इम्युनोथेरपी (शरीराला हळूहळू माइटची सवय लावणारा उपचार) आहे, इंजेक्शन किंवा जिभेखालची गोळी. साधारण तीन वर्षं चालते. प्रिक टेस्ट पुन्हा करायची वेळ आली तर अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी, आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते, डॉक्टरांना विचारून.

सूक्ष्मदर्शी

मांजर खोलीत येत नाही म्हणालात, तरी तिचं अ‍ॅलर्जन कपड्यांवरून येतंच. तिला मांडीवर घेऊन बसलात ते कपडे झोपायच्या खोलीबाहेर बदला. मांजर घरातून गेली तरी पातळी खाली यायला चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवस तिला दुसरीकडे ठेवून पाहण्यातून काही कळणार नाही.

गादी बदलायची घाई नको. चांगल्या खोळीत बंद केलेली जुनी गादी उघड्या नव्या गादीपेक्षा बरी, कारण नवीन गादीतही काही महिन्यांत माइटची वस्ती होते. खड्डे पडले म्हणून बदलणारच असाल तर खोळ आधी आणून ठेवा आणि नव्या गादीवर पहिली रात्र झोपण्याआधीच चढवा.